जुलैतले पैसे

“सर, पोरीची फी तं माफ हाये ना? मंग पैसे कायले लागते?”

भद्रावतीजवळच्या एका गावातले हे शेतकरी गेल्या पावसाळ्यात आमच्या स्टाफरूममध्ये बसून विचारत होते. मुलीला नागपूरला इंजिनिअरिंगची जागा लागली होती. हातात वहीचा पाठपोट लिहिलेला कागद होता. वसतिगृहाची अनामत, मेसचा पहिला महिना, गादी, बादली, ड्रॉइंगचे सामान, एप्रन, विकास शुल्क. बेरीज दोनदा खोडून पुन्हा केलेली. घरातली रोकड नुकतीच बियाणे आणि खतात गेली होती, कृषी केंद्राची उधारी वेगळीच. त्या मुलीचे अकरावी-बारावीचे प्रत्येक चाचणीतले गुण मला पाठ होते. तिच्या घरात पैसा कोणत्या महिन्यात येतो, हे मी दोन वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

वडील चुकीचे बोलत नव्हते. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांतल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शंभर टक्के सवलत मिळाली. पण सवलत शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे. राहणे, खाणे, विकास शुल्क त्यात नाही. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेलाही ती लागू नाही. गावात बातमी पोचते ती ‘मुलींचे शिक्षण फुकट’ एवढीच. पुढचे सांगायला कोणी नसते, आणि ते सांगणे आपल्या शिक्षकांकडेच येते, कारण प्रवेशाचा विकल्प अर्ज भरताना मुले आपल्याच शेजारी बसलेली असतात.

आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत खर्चाच्या आकड्याइतकाच खर्चाचा महिना महत्त्वाचा आहे. वरोरा-भद्रावतीकडे कापसाचा पैसा साधारण दिवाळीनंतर येतो. मूल, सिंदेवाही, गडचिरोलीकडे धान त्याच सुमारास मळून विकायला निघतो. तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यात. वेकोलिच्या कोळसा खाणींवरच्या कंत्राटी मजुराला दर महिन्याला पगार असतो, थोडा का असेना. आणि प्रवेश जुलै-ऑगस्टात, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात काहीच नसते तेव्हा. शिष्यवृत्तीची रक्कम महाडीबीटी पोर्टलवरचे अर्ज, महाविद्यालयाची छाननी, जिल्हा कार्यालयाची मंजुरी असा प्रवास करून वर्षाच्या उत्तरार्धात येते, कधी पुढच्या वर्षावर जाते. मिळणार हे खरे, पण मधल्या महिन्यांचे काय? सावकार याच फटीतून घरात शिरतो.

म्हणून फीचा आकडा तोच असला तरी तीन घरांचा हिशेब तीन तऱ्हांचा होतो. मजुराच्या घरी बारावीच्या जूनपासून महिन्याला थोडे बाजूला पडू शकते. कापूसवाल्याने ते बारावीच्या दिवाळीनंतर ठेवायचे. तेंदूच्या मजुरीतून ठेवायचे तर ही गोष्ट एप्रिलमध्येच निघायला हवी.

वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी अनुसूचित जाती व नवबौद्धांना स्वाधार आणि अनुसूचित जमातींना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. स्वाधारमध्ये नागपूर-पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला 60,000 रुपये ठरले: भोजन 32,000, निवास 20,000, निर्वाह 8,000. दहा महिन्यांनी भागा. जेवणाला महिन्याला 3,200, खोलीला 2,000. एवढे गणित फळ्यावर मांडा आणि तिथे शिकणाऱ्या आपल्याच माजी विद्यार्थ्याला वर्गातून फोन लावून खोलीचा किराया विचारा. उरलेली वजाबाकी मुले स्वतः करतात. मी करून पाहिले आहे. त्या तासाला मागच्या बाकावरची मुलेसुद्धा लिहून घेत होती.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा 60 टक्के वाटा 2021-22 पासून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, त्यातून महाविद्यालयाची फी त्याने भरायची असते. अडचणीच्या दिवसांत खात्यात पैसे दिसले की ते घरखर्चात जातात. मग वर्षअखेरीस निकाल अडतो आणि मुलावर पैसे खाल्ल्याचा आळ येतो. त्याला आधी कोणी समजावले होते का?

कर्जाबद्दल घाई करू नये. पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झाली, पण ती ठरावीक यादीतल्या संस्थांसाठी आहे, सुरुवातीला 860. आपले महाविद्यालय त्यात आहे की नाही हे बँकेत जाण्याआधी पाहावे.

काही सहकारी म्हणतात, हिशेब दाखवला तर घरचे घाबरून मुलीला घरीच बसवतील. ही भीती मला खरी वाटते. म्हणूनच निव्वळ खर्चाचा कागद कधीही घरी पाठवू नये. खर्चाच्या समोर कोणती योजना, किती रक्कम, कोणत्या महिन्यात, हे लिहिलेले असावे, आणि तो कागद आईवडिलांसोबत बसून भरावा. मुलीचे विकल्प कमी करण्यासाठी तो वापरला गेला तर आपण तो न केलेलाच बरा.

त्या दिवशी आम्ही तोच पाठपोट कागद उलगडून समोर नवा रकाना आखला. तिसऱ्या ओळीला अडलो. मुलीचे बँक खाते आधारशी जोडलेलेच नव्हते, म्हणजे मंजूर झालेली रक्कमसुद्धा आली नसती. वडिलांनी पिशवीतून पासबुक काढले. बँक बंद व्हायला तास बाकी होता. मुलगी चपला घालून दारात उभी होती.