ताट परत पाठवणारे आम्ही कोण?

आमच्या वसईकडे शेजाऱ्याचे ताट रिकामे परत करीत नाहीत. रमजान ईदला आमच्याकडून शीरखुर्म्याचा डबा जायचा. तो धुऊन पुसून त्यांच्या फडताळात राहायचा आणि नाताळात भरून परत यायचा. कलकल, करंज्या, केकचे चार तुकडे. केकला आमच्या वाट्यापुरते वेगळे भांडे असे, त्यात दारूचा थेंब नसे. हे कुणी त्यांना शिकवले नव्हते, आणि ‘यात काही नाही ना?’ असे आमच्या दादीने कधी विचारले नव्हते. त्यांच्या घरी सणाला डुक्कर शिजते, हे आम्हांला ठाऊक होते. म्हणूनच तर ताटात नेहमी कोरडा फराळ यायचा. त्या घरची आजी आमच्या दादीला ‘बाय’ म्हणे. दादी गेली तेव्हा मय्यतीच्या घरी पहिला चहा त्यांच्याच चुलीवरून आला.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सकाळी असेच ताट घेऊन त्या घरची सून आली. दारात आमचा पुतण्या होता. “आमच्यात चालत नाही, काकी,” एवढे बोलून त्याने ताट घेतलेच नाही. आम्ही आत होतो. बाहेर येईपर्यंत ती पायरी उतरून गेली होती.

या पोराला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच्या हातातल्या मोबाइलवर डिसेंबर उजाडला की काय काय येऊन पडते, ते आम्ही पाहिले आहे. नाताळच्या शुभेच्छा देणे म्हणजे शिर्क, त्यांचा केक खाणे म्हणजे ईमान विकणे. पाठवणारा कोण, कुठे शिकलेला, कुणाला ठाऊक नाही. तरी आपले शिकलेसवरले लोकही तो संदेश पुढे ढकलतात. त्यातले कित्येक दुबईत नोकरीला असतात आणि तिथल्या मॉलमधल्या दोन मजली नाताळच्या झाडासमोर फोटो काढून घरी पाठवतात. इथे मुंबईत कितीतरी बेकऱ्या आपल्याच लोकांच्या. डिसेंबरभर त्यांच्या भट्ट्या केकसाठी पेटलेल्या असतात. केक भाजायचा, विकायचा, पैसे मोजायचे, हे सारे चालते. शेजारणीने प्रेमाने दिला की तेवढा चालत नाही!

या मंडळींचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो आम्ही टाळणार नाही. ख्रिस्ती लोक हजरत ईसांना अल्लाहचा पुत्र मानतात, आपण मानत नाही. मग त्या जन्माची मुबारकबाद कशी द्यायची? आमचे म्हणणे असे की मुबारकबाद म्हणजे कलमा नव्हे. आमच्या पैगंबरांना न मानणारी शेजारीण ईदला आमच्या दारात येऊन गळाभेट घेते, तेव्हा ती मुसलमान होत नाही. तिला ते कळते, आम्हांलाही कळते. मग नाताळात आमची अक्कल कुठे जाते? हजरत ईसा आमचेही पैगंबर आहेत. कुरआनात एकाच स्त्रीचा नावाने उल्लेख आहे, ती बीबी मरियम. १९ वी सूरह तिच्याच नावाची. खजुराच्या झाडाखाली एकटीने सोसलेल्या तिच्या प्रसूतिवेदना त्या सूरहमध्ये आहेत. इ. स. ६१५ च्या सुमारास मक्केतला छळ असह्य झाला तेव्हा पहिले मुहाजिर गेले ते हबशाच्या ख्रिस्ती राजाकडे. नजाशीच्या दरबारात हजरत जाफर यांनी याच सूरहचे पठण केले आणि त्याने त्यांना आसरा दिला, असे सीरतच्या ग्रंथांत आहे. अहले किताबचे अन्न हलाल असल्याचे सूरह माइदामध्ये सांगितले आहे. शुभेच्छांबाबत उलेमांत मतभेद आहेत, हे खरे. पण कैरोच्या अल-अझहरचे प्रमुख शेख तिथल्या कॉप्टिक पोपना नाताळच्या शुभेच्छा देतात. आमच्या मोहल्ल्यातला संदेशबहाद्दर त्यांच्याहून मोठा आलिम निघाला म्हणायचा!

दुसरीही बाजू आहे. डिसेंबर २०२१ मध्ये आग्र्यात सांताक्लॉजचे पुतळे जाळले गेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जन्म वसईचा, हयात मराठीत गेलेली, तरी निवड होताच केवळ ख्रिस्ती म्हणून त्यांना विरोध झाला. तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी निषेधाचे लेख लिहिले, आम्हीही सह्या केल्या. परक्याने दारात दगड मारला की निषेध करायचा आणि आपल्या दारातून ताट परत पाठवायचे, हे एकाच तोंडाने कसे जमते? जाळणारा म्हणतो, हे इथले नाहीत. परतवणारा म्हणतो, हे आपले नाहीत. (२५ डिसेंबर या तारखेवरही कुणा एकाची मालकी नाही. १९२७ साली याच दिवशी महाडला मनुस्मृती जाळली गेली, आणि त्या परिषदेला जागा दिली ती फत्तेखान यांनी.)

आम्ही काही भाबडे नाही. आता वाड्या गेल्या, सोसायट्या आल्या. पोरांना लाल टोपीवाला म्हातारा शाळेत भेटतो; गव्हाणी कशाची करतात ते त्यांना माहीत नसते. आम्ही लहान असताना गव्हाणीसाठी पेंढा आमच्या गोठ्यातून जायचा आणि बांबूच्या कामट्यांची चांदणी करताना खळ आमच्या अम्मीची असायची. पोरांच्या कार्यालयात चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी देतात, त्यालाही आमची हरकत नाही. नवी रीत आहे, चालू द्या. मात्र व्यासपीठावर चार धर्मांचे चार लोक बसवून, हातात हात घालून फोटो काढून भाईचारा होतो, यावर आमचा विश्वास नाही. शेजारणीला आपल्या वाट्याचा केक वेगळ्या भांड्यात करायची आठवण राहते, त्याला आम्ही भाईचारा म्हणतो.

गेल्या नाताळात ताट आले नाही. आम्ही वाट पाहिली, हे कबूल करतो. पुतण्यानेही पाहिली, दोनदा दारात जाऊन आला, बोलला काही नाही. रमजान ईदला आम्ही गेलो, त्यांनी डबा घेतला, बसा म्हणाल्या, पण पूर्वीसारखे आतल्या खोलीत बोलावले नाही. दादीचे नाव कोरलेला तो पितळी डबा अजून त्यांच्याकडेच आहे. यंदा २४ तारखेला संध्याकाळी, त्या मिस्साला निघायच्या आधी, आम्ही तो आणायला जाणार आहोत. पुतण्याला म्हटले, तूही चल. त्याने विचारले, “काकी काय म्हणतील?”