गप्प बसणे हाही गुन्हाच : शाळा, शिक्षक आणि आपली मुले

अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुक्यातल्या काजीखेड येथे ऑगस्ट 2024 मध्ये जिल्हा परिषद शाळेच्या एका शिक्षकाला अटक झाली. आठवीतील सहा मुलींना अश्लील व्हिडिओ दाखवून गैरवर्तन केल्याचा आरोप त्याच्यावर होता. त्याच दिवसांत बदलापूरमध्ये लोक रेल्वे रुळांवर उतरले होते, त्यामुळे काजीखेडची बातमी लवकरच मागे पडली. पण त्यातली एक गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे. हा प्रकार काही महिने चालू होता आणि तो उघड झाला तो 1098 या टोल फ्री क्रमांकावर तक्रार गेल्यामुळे. बालकल्याण समितीची माणसे शाळेत पोहोचली, मुलींशी बोलली, तेव्हा पुढची चक्रे फिरली. म्हणजे मुलींना विश्वासाचा माणूस शाळेच्या आत सापडला नाही, बाहेर शोधावा लागला.

असे का होते? बुटीबोरीत आणि आसपासच्या गावांत पालकांशी बोलताना याचे उत्तर मिळते. एमआयडीसीत आई-वडील दोघेही शिफ्टला जातात. अनेक कुटुंबे बाहेरून आलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी. शाळेत काही घडले तर जायचे कोणाकडे, हेच ठाऊक नसते. एक आई मला म्हणाली, "मॅडम, तक्रार केली तं पोरीचंच नाव खराब होते. अन् दुसरी शाळा कुठं हाय जवळ?" तिच्या या दोन वाक्यांत सगळा प्रश्न आला. त्यात दहावीच्या प्रत्येक मुख्य विषयात 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेच्या हातातले. शिष्यवृत्तीचा अर्ज, दाखला, बोनाफाईड, सगळे त्याच कार्यालयातून मिळणार. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी दहावीपर्यंत पोहोचले आहे, त्या घराला शिक्षकाशी वैर परवडत नाही. गैरवर्तन करणाऱ्याला हे पुरेपूर माहीत असते.

दुसरे प्रकरण चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याचे. 2019 मध्ये तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहातील अल्पवयीन आदिवासी मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले. तपासात 17 मुलींची नावे पुढे आली. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर, माहिती असूनही पोलिसांना न कळवल्याचा आरोप ठेवला गेला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डॉक्टरवरील गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2022 रोजी तो निर्णय फिरवला आणि माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे स्पष्ट केले.

पॉक्सो कायदा 2012 चा आहे. त्याच्या कलम 19 नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. "आधी आम्ही चौकशी करतो, मग बघू" असे म्हणण्याची मुभा मुख्याध्यापकाला नाही. बदलापूरमध्ये तर शाळेच्या विश्वस्तांवरही याच कारणाने गुन्हा दाखल झाला.

तरीही गावात 'मिटवून घेण्याची' पद्धत चालूच आहे. संस्थाचालक येतात, पुढारी मध्यस्थी करतात, शिक्षकाची बदली होते आणि मुलगी शाळा सोडते. राजस्थानात अशाच एका प्रकरणात शिक्षक आणि वडिलांमध्ये समझोता झाला म्हणून उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला होता. 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. असा गुन्हा दोन माणसांमधला खासगी वाद नसतो, तो समाजाविरुद्धचा गुन्हा असतो, हे त्यामागचे तत्त्व.

परिणाम मुलांच्या आयुष्यभर राहतात. मुलगी वर्गात बोलेनाशी होते, पोट दुखते म्हणून घरी राहते, मग शाळा सुटते आणि घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. मुलांच्या वाट्याला मार आणि जातीवरून टोमणे येतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. तरीही "शिस्तीसाठी मारलं" हे वाक्य पालकही मान्य करतात. शाळेतला अपमान माणसाच्या मनात किती वर्षे राहतो, हे बाबासाहेबांच्या बालपणावरून आपल्या समाजाला सांगावे लागू नये.

बदलापूरनंतर सरकारने सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समित्यांवर भर दिला. समित्यांचा निर्णय तर 2022 चाच होता. कॅमेरा लागला, फोटो काढला, अहवाल गेला. पण तक्रारपेटीची किल्ली ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच मित्राकडे असेल, तर मुलगी चिठ्ठी टाकेल का?

म्हणून काही कामे आपल्याच हातात आहेत. शाळेत जाऊन विचारा : सखी सावित्री समितीत कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, पेटी कोणासमोर उघडतात? 1098 हा क्रमांक आपल्या विहारात, वस्तीच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहा. रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे मुलांशी यावर बोला. कोणी काही सांगितले तर आधी विश्वास ठेवा, मुलाचे किंवा मुलीचे नाव चारचौघांत काढू नका, कारण ओळख उघड करणे कायद्याला मान्य नाही. मग पोलिसांत जा, एकटे नाही, सोबत दोन माणसे घेऊन.

सावित्रीमाईच्या नावाने समिती नेमली आहे. त्या नावाला जागायचे असेल तर मुलीने तोंड उघडल्यावर ऐकून घेणारे कोणीतरी तिथे असले पाहिजे.

जय भीम.