क्षमा केली, हिशोब मागितला



सासऱ्यांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी दुरुस्तीला देऊन आता 14 महिने झाले. मिस्त्रींनी 4 महिन्यांत देतो म्हणून सांगितलं होतं. आगाऊ रक्कम ठरल्याप्रमाणे दिली. त्यानंतर गणपती झाले, दिवाळी झाली, "वहिनी, पुढच्या आठवड्यात नक्की" हे वाक्य मात्र तेच राहिलं. आणि त्या 'नक्की'नंतर फोन बंद.

नात्यात सगळ्यांचा सल्ला एकच: जाऊ दे, आपण जैन, क्षमा करून मोकळी हो. या सल्ल्याबद्दलच मला लिहायचंय, कारण तो आपल्याला, बायकांना, जरा जास्तच दिला जातो. दशलक्षणात उत्तम क्षमा पहिली, हे खरं. पण क्षमा म्हणजे मनात राग न धरणं. हिशोब मागू नये असा तिचा अर्थ मी तरी कुठल्या प्रवचनात ऐकला नाही.

उलट तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत, त्यातला शेवटचा प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे खऱ्याच्या जागी तसंच दिसणारं खोटं देणं. आमच्या गाडीचं नेमकं तेच झालं होतं. या गाड्यांचा पत्रा खालून सडतो, दारांखालची पट्टी आणि पायाखालचा पत्रा आधी. सडलेला भाग कापून तिथं नवा पत्रा वेल्डिंग करायचा, हे खरं काम. मिस्त्रींनी गंजावरच पुट्टी थापून वरून प्रायमर मारला होता. दिसायला अगदी गुळगुळीत. मी घरातलं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून नेलं होतं. चांगल्या पत्र्याला ते चिकटतं, जाड पुट्टीवरून घसरतं. डाव्या दाराखाली तीनदा खाली पडलं. मिस्त्री काही बोलले नाहीत.

हे सोडून दिलं असतं, तर पुट्टीखाली गंज वाढतच राहिला असता. 15 वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर 5 वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा आरटीओत गाडी तपासतात, तो भाग वेगळाच. त्या पत्र्यावर माझी नातवंडं पाय ठेवून बसणार आहेत. शिवाय कृत, कारित, अनुमोदना हे आपण आलोचनेत म्हणतो. गप्प राहणं अनुमोदनेच्या किती जवळ जातं?

मी आवाज चढवला नाही. उरलेल्या कामाची यादी कागदावर लिहिली, प्रत्येक टप्प्यापुढे रक्कम घातली, खाली त्यांची सही घेतली. टप्पा डोळ्यांनी पाहिला की पैसे, अगोदर नाही. दर शनिवारी स्वतः जाते. गॅरेजातली पोरं बिचारी स्वतःच पगाराची वाट बघत असतात, त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. ग्राहक आयोगाचंही सांगून ठेवलं, माहिती म्हणून: 2019 च्या कायद्याप्रमाणे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. जाऊबाई म्हणाल्या, फार कडक वागतेस. असेन.

गेल्या महिन्यात डावी बाजू कापून नवा पत्रा बसला. उजवी बाकी आहे. क्रोमचे बंपर आणि दिव्यांच्या कड्या मी घरी आणून माळ्यावर ठेवल्यात, आता असं सामान सहज मिळत नाही. रंग झाला की नेऊन देईन.