भोंक एक, करणी कोणाची?

माळ्याच्या वाशाखालीं पिठासारखा पिवळसर भुसा पडलेला दिसला, कीं घरांतील वडील माणसें म्हणतात, ‘वाशाला भिरूड लागलें!’ लांकडांत भोंक दिसतांच किडा आठवावा, ही आपणां सर्वांचीच संवय. ती केव्हां केव्हां कशी फसविते, याचें एक उदाहरण आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं नॉर्थ डाकोटा हें संस्थान भूखंडाच्या मध्यभागीं, समुद्रापासून शेकडों कोस दूर आहे. तेथें दगड झालेल्या लांकडाचे तुकडे सांपडतात. त्यांत बोटाएवढीं भुयारें दाटीनें भरलेलीं असतात. पाहणारास वाटावें, हें किड्यांचेंच काम. परंतु किडा लांकूड पोखरतांना मागें भुसा व विष्ठा टाकतो. वाळवीच्या विष्ठेचे षट्कोनी कण तर अश्मीभूत लांकडांतहि ओळखूं येतात. हीं भुयारें पडलीं तीं ‘टेरेडो’च्या जातीच्या प्राण्यांनीं. हा प्राणी किडा नव्हे. लांबट देहाचा असला तरी तो शिंपल्यांच्या कुळांतला. बाल्यावस्थेंत तो अगदीं बारीक छिद्रांतून लांकडांत शिरतो, आणि डोक्याकडील दोन इवल्या शिंपांनीं लांकूड किसत आंत वाढत जातो. म्हणून बाहेर भोंक लहान, आंत भुयार मोठें. भुयारास तो चुन्याचें अस्तर देतो, आणि शेजाऱ्याचें भुयार जवळ आलें कीं बहुधा वळसा घेतो. १७३१ सालीं हॉलंडांतील समुद्रबांधांचे लांकडी खांब पोखरून त्या देशाची झोंप उडविली, ती यानेंच.

आतां खरी मौज पाहा. खाऱ्या किंवा मचूळ पाण्यावांचून हा प्राणी जगत नाहीं. तेव्हां आज जेथें कोरडी माळजमीन आहे, तेथें सुमारें ६ कोटि वर्षांपूर्वीं समुद्र होता, अशी साक्ष हीं भोंकें देतात. जमिनीवर वाढलेलें झाड पाण्याबरोबर समुद्रांत गेलें, तेथें पोखरलें गेलें, बुडून गाळांत रुतलें आणि खनिजद्रव्यें मुरून दगड झालें. १९६७ सालीं त्या संस्थानानें या लांकडास आपल्या अधिकृत जीवाश्माचा मान दिला. त्याच भोंकांना किड्यांचीं म्हटलें असतें, तर एक सबंध समुद्र आपल्या दृष्टीआड झाला असता!

कोंकणांतील वाचकांनीं किनाऱ्यास लागलेला एखादा जुना ओंडका मुलांसमवेत फोडून पाहावा. आंत भुसा आहे कीं चुन्याचें अस्तर, हें मुलांनाच शोधूं द्यावें. नांव मागाहून सांगावें.