दम न लागण्याची पावडर

गेल्या महिन्यात माझे एक जुने रुग्ण, अडुसष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक, मोठ्या उत्साहाने दवाखान्यात आले. “डॉक्टर, नातू जिमला जाण्यापूर्वी जी पावडर घेतो, ती मीही आठवडाभर घेतली. टेकडी चढताना दमच लागत नाही!” रात्री झोप मात्र येत नव्हती आणि वरचा रक्तदाब १७० झाला होता.

त्यांचा अनुभव खोटा नव्हता. अशा पावडरींत बहुधा कॅफिन असते. मेंदूला थकव्याची जाणीव करून देणाऱ्या ॲडेनोसिन या द्रव्याची जागा ते अडवून बसते. श्रम तेवढेच होतात, वाटतात मात्र कमी. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी या ‘वाटण्या’साठी ६ ते २० अशी मोजपट्टी तयार केली, ६ म्हणजे विश्रांती, २० म्हणजे कमाल श्रम. कॅफिनमुळे हा आकडा साधारण पाच-सहा टक्क्यांनी उतरतो. धावपटूला, सायकलपटूला तेवढा फरकही मोलाचा असतो आणि २००४ पासून खेळाडूंना कॅफिनची बंदीही नाही. डब्यावरील इतर घटकांचे दावे मला याहून बरेच दुबळे वाटतात.

प्रश्न आमच्या गुरुजींचा होता. त्यांना रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू आहे. या गोळीमुळे श्रमातही नाडी फारशी वाढत नाही. म्हणूनच अशा रुग्णांना आम्ही सांगतो, नाडी मोजत बसू नका; श्रम किती वाटतात, ते पाहा. पावडरीने नेमकी तीच खूण पुसट केली. एका पहारेकऱ्याला मी गोळी देऊन झोपवले होते, दुसऱ्याला नातवाच्या डब्याने.

मात्रेचाही अंदाज असावा. कपभर चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असते. पावडरीच्या एका मापात २०० ते ३०० असू शकते. घरात असा डबा असेल, तर त्यावरील मजकूर तरुण मंडळींनी आजी-आजोबांना वाचून दाखवावा. चालताना बोलता यावे, गाणे मात्र म्हणता येऊ नये, एवढाच वेग ठेवावा. छातीत दाटून आल्यास तिथेच थांबावे. काही मिनिटांत आराम न पडल्यास थेट रुग्णालय गाठावे.

गुरुजींनी डबा परत केला. पुढच्या भेटीत रक्तदाब १३८ भरला. टेकडीच्या अर्ध्या वाटेवर एक बाक आहे, तिथे ते हल्ली बसतात. “आज दोनदा दम लागला,” हे मला न विचारताच सांगतात.