माजघराचा जीर्णोद्धार

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपण देवालयांच्या संबंधांत नित्य वापरतों. परंतु त्याच्या व्युत्पत्तीकडे क्वचितच लक्ष देतों. ‘उद्’ हा उपसर्ग व ‘हृ’ हा धातु यांपासून ‘उद्धार’ शब्द सिद्ध होतो. वर काढणें, बाहेर काढणें हा त्याचा मूळ अर्थ. उभा जन्म मुलांना हें शिकविण्यांत गेला. पण त्यांतील मर्म मला गेल्या वैशाखांत, ईट येथील आमच्या वडिलोपार्जित घराचें माजघर दुरुस्त करतांना उमगलें.

आमच्या भूम तालुक्यांतील जुनें घर म्हणजे दगडमातीच्या भिंती व वर माळवद. लांकडी खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलचांचा थर, त्यावर पाला आणि सर्वांच्या वर पांढरी माती. उन्हाळ्यांत असें घर थंड राहतें व हिंवाळ्यांत उबदार. मृग लागण्यापूर्वीं माळवदावरच्या भेगा पाहावयाच्या व वर चार पाट्या नवी माती टाकून धोपटावयाची, हा घराघरांतला नेम. आजोबांनीं तो पाळला, वडिलांनीं पाळला, मींहि पाळला.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीच्या दुसर्‍या दिवशीं पहाटे चारच्या सुमारास, किल्लारी, सास्तूर या भागांत भूकंप झाला व हजारों माणसें निजल्या जागीं गाडलीं गेलीं. तो भाग आमच्यापासून बराच दूर, आग्नेयेस. पण घरें आमच्यासारखींच. त्या दिवसापासून मातोश्रींनीं आपलें अंथरूण माजघरांतून ओसरीवर आणलें, तें तेथेंच राहिलें. माजघरांत कणग्या व अडगळ तेवढी उरली. मुलगा पुण्याहून आला कीं म्हणे, “अण्णा, पाडून टाका आणि वर स्लॅब घाला.” मातोश्री पाडूंहि देईनात आणि नातवंडांना आंत निजूंहि देईनात. तीस वर्षें ही कोंडी सुटली नाहीं.

अखेर गांवांतील एका वृद्ध गवंड्यास बोलावून, तुळयांना खालून टेकू देऊन, प्रथम माळवदावरची माती उकरविली. ती दोन फूट भरली! खोली १२ फूट लांब व ९ फूट रुंद. म्हणजे २१६ घनफूट माती. घनफुटास ४५ किलो धरले तरी जवळजवळ १० टन ओझें डोक्यावर घेऊन आम्ही पिढ्यान्‌पिढ्या निजत होतों. हें ओझें कोणी शत्रूनें रचलें नव्हतें. घर गळूं नये, मुलेंबाळें भिजूं नयेत, या काळजीनें दर वर्षीं चार-चार पाट्यांनीं तें आम्हींच वाढविलें होतें. त्यांतल्या कित्येक पाट्या माझ्याच हातच्या होत्या.

मग भिंतीची पाळी आली. अडीच फूट जाडीची ती भिंत आम्हांस किल्ल्याच्या तटासारखी वाटे. गवंड्यानें एक दगड काढला आणि म्हणाला, “गुरुजी, हात घालून बघा.” आंत नुसती माती व कपच्या होत्या. बाहेरच्या दगडांची एक भिंत, आंतल्या दगडांची दुसरी, आणि दोघींस जोडणारा आरपार दगड एकहि नव्हता. भूकंपाच्या हादर्‍यानें अशाच भिंतींचीं दोन पाखीं विलग होऊन ढांसळलीं होतीं. उलट, जेथें छत लांकडी खांबांवर नीट तोललेलें होतें, तेथें भिंत पडूनहि कित्येक ठिकाणीं छत उभें राहिलें. पुढें शासनानें लातूर व उस्मानाबाद (आतां धाराशिव) जिल्ह्यांत घरांच्या बळकटीकरणाची योजना राबविली, तिचा भर याच दोषांवर होता.

आम्हीहि तोच मार्ग धरला. भिंत न पाडतां ठिकठिकाणीं एकेक भोंक पाडून त्यांत आरपार दगड बसविले. खांब व तुळई यांच्या कोनांत तिरपे लांकडी आधार दिले. किलचांवर जाड प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर अवघी ८ इंच माती घातली. म्हणजे गळतीच्या भयानें दर वर्षीं भर टाकण्याचें कारणच उरलें नाहीं. दहा टनांचें ओझें सव्वातीन टनांवर आलें. गिलावा चुन्याचा केला, कारण सिमेंटचा गिलावा मातीच्या भिंतीस धरत नाहीं व आंतली ओल आंतच कोंडून ठेवतो. कोनाडे, दिवळ्या आणि छतांतलें साणें होतें तसेंच राखलें. वाचकांपैकीं कोणास हें काम काढावयाचें असेल, त्यांनीं जाणता माणूस जवळ असल्यावांचून एक दगडहि हलवूं नये.

पूर्वजांचें सगळेंच राखणें म्हणजे भक्ति नव्हे, आणि सगळेंच पाडणें म्हणजे शहाणपण नव्हे. त्यांनीं उभारलेलें कोणतें आणि काळजीपोटीं नुसतें साठलेलें कोणतें, हें निवडून दुसरें बाहेर काढणें, येथूनच उद्धारास आरंभ होतो. घरांतल्या रूढींचेंहि बहुधा असेंच असावें.

काम संपल्यावर मातोश्रींना हात धरून आंत नेलें. वय वर्षें अठ्ठ्यांशी. त्यांनीं खांबावरून हात फिरविला, वर पाहिलें आणि विचारलें, “माती किती काढलीस रे?” मीं सांगितलें. त्या बराच वेळ कांहींच बोलल्या नाहींत. रात्रीं मात्र सुनेला हांक मारून म्हणाल्या, “माझें अंथरूण आंत घाल हो. दार तेवढें उघडें असूं दे.”

तें दार अजून रात्रीं उघडेंच असतें.