पोथी कोणासाठी?



आमच्या मेहरूणचे नाव निघाले की बाहेरगावच्या लोकांस तळे आठवते आणि बोरे आठवतात. गाव आता जळगाव शहरात गणले जाते, पण माणसे अजून शेतीभातीचीच भाषा बोलतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या रात्रीच्या वाचनात एक प्रसंग घडला. त्यातून निघालेला विचार आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

कामे उरकली की आठवड्यातून दोन रात्री चार घरची माणसे एका ओसरीवर जमतात. आम्ही वाचतो आणि ती ऐकतात. कधी तुकोबांचे अभंग, कधी जोतीरावांचा ‘आसूड’, कधी वर्तमानपत्र. त्या रात्री आम्ही ख्रिस्ती लोकांच्या बायबलातील, येशूने सांगितलेली पेरणाऱ्याची गोष्ट घेतली होती. एक जण बी पेरीत चालला असता काही बी वाटेवर पडले ते पाखरांनी टिपले. काही खडकाळ जागी पडले ते उगवले आणि करपले. काही काट्यांत पडून गुदमरले. आणि चांगल्या जमिनीत पडले त्याला भरघोस पीक आले. गोष्ट शेतकऱ्याची, तेव्हा आपल्या माणसांस ती सहज पटेल असे आम्हांस वाटले. पण पुस्तक मिटतो न मिटतो तोच कोपऱ्यातून एक म्हातारे शेतकरी म्हणाले, “मास्तर, तिफनीनं पेरलं तं बी वाटेवर कसं पडीन?”

साऱ्यांस हसू आले. आम्हांस मात्र उत्तर सुचेना. घरी येऊन पुस्तके चाळली तेव्हा उलगडा झाला. त्या देशी त्या काळी बी हाताने फोकून पेरीत, जशी आपण वाफ्यात मेथी फोकतो. मग चार दाणे वाटेवर जाणारच. म्हणजे भाषांतरकाराचा शब्द चुकला नव्हता. ‘पेरणे’ हा शब्द बरोबरच होता. पण आमच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांपुढे त्या शब्दाबरोबर तिफण उभी राहिली आणि गोष्ट तेथेच अडली.

पुढच्या वाचनाला उलटे घडले. पिठात मिसळलेल्या खमिराची गोष्ट निघाली. खमीर म्हणजे काय हे कोणास कळेना, कारण आपल्या कळण्याच्या भाकरीत खमीर नसते. आम्ही सांगू लागलो की थोडेसे घातले तरी हळूहळू सारे पीठ आंबते. तोच एक आजी म्हणाल्या, “म्हंजे बिबड्याच्या जवारीवानी!” तीन दिवस भिजत घातलेली ज्वारी कशी आंबते हे ज्या बाईने जन्मभर पाहिले, तिला आमच्या टीपेची गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशी एका गृहस्थाने आम्हांस वाटेत गाठून विचारले, “मास्तर, ही पोथी वाचून लोकांना किरिस्ताव करता काय?” आम्ही ख्रिस्ती नाही आणि कोणास ख्रिस्ती करावयाचेही नाही. मिशनरी लोकांचा हेतू आपला धर्म वाढविण्याचा होता व तो त्यांनी लपविलाही नाही. पण आपले म्हणणे नांगरामागच्या माणसापर्यंत नेण्यासाठी त्यांनी जी खटपट केली ती पाहण्यासारखी आहे. शेजाऱ्याची मोट कशी चालते ते पाहिले म्हणून आपली विहीर बाटत नाही.

ती खटपट थोडक्यात अशी. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यास आला. त्याने बायबलातील कथा मराठी ओवीत सांगितल्या. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. ते भाषांतर नव्हे, पुराणच आहे, कारण येथील लोक पुराण ऐकतात हे त्याने ओळखले होते. पुढे बंगालात श्रीरामपूर येथे विल्यम केरी याने वैजनाथ नावाच्या पंडिताच्या साहाय्याने मराठी भाषांतर केले. त्यातील मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ साली व नवा करार १८११ साली निघाला. बंगालात बसून केलेली मराठी मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांस पुरेशी वाटली नाही. त्यांनी नवे भाषांतर करून १८२६ साली नवा करार छापला, आणि संपूर्ण बायबल १८४७ साली मराठीत आले. त्यानंतरही दुरुस्त्या चालूच राहिल्या.

त्यापुढे पंडिता रमाबाई आल्या. संस्कृतात त्यांचा अधिकार एवढा की १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांस ‘सरस्वती’ ही पदवी दिली. १८८३ साली विलायतेत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा येथे मोठा गहजब झाला. त्या वेळी महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेल. या बाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळात उघड्यावर पडलेल्या स्त्रियांस आश्रय दिला. त्यांना जे बायबल वाचावयास मिळे त्याची मराठी फार संस्कृतमिश्रित, असे रमाबाईंस वाटे. मग उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत भाषांतरास बसल्या. नवा करार १९१३ साली निघाला. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली बाहेर पडला. छपाईचे कामही आश्रमातील स्त्रियांनीच केले. जिला संस्कृत हातचे होते, तिने ते बाजूस ठेवून निराधार बायांच्या तोंडची भाषा उचलली. पांडित्याचा याहून चांगला उपयोग आम्हांस दुसरा दिसत नाही.

इंग्रजांकडेही हाच झगडा झाला. विल्यम टिंडेल याचा पण होता की नांगर हाकणाऱ्या पोरासही धर्मग्रंथ पाद्र्याइतका कळावा. त्याने १५२६ साली इंग्रजीत नवा करार छापला आणि १५३६ साली त्याला गळा आवळून मारून जाळण्यात आले. पुढे १६११ साली राजाच्या आज्ञेने जे भाषांतर झाले, त्यात टिंडेलचे शब्द ठायी ठायी घेतलेले आहेत. माणूस जाळला, पण त्याची भाषा जळली नाही. १६११ चे ते भाषांतर आजही अनेक देवळांत वाचतात, परंतु आजच्या पोरास ते अवघड जाते. म्हणून विसाव्या शतकात पुन्हा नवी भाषांतरे झाली. ज्यांची मायबोली इंग्रजी नाही अशांसाठी अवघ्या हजारभर शब्दांत बसविलेले एक संपूर्ण बायबल १९४९ साली निघाले. एकाच ग्रंथाची देवळासाठी, विद्वानासाठी व नवशिक्यासाठी अशी वेगवेगळी भाषांतरे आहेत, आणि तेथे कोणी त्यास पाप म्हणत नाही.

येथे आमचे पंतोजी विचारतील की यांपैकी खरे भाषांतर कोणते? आम्ही म्हणतो, आधी हे विचारा की ते कोणासाठी आहे. कुंभार एकाच मातीचा रांजण घडवितो, मडके घडवितो आणि पणतीही घडवितो. पणतीत पाणी राहत नाही म्हणून तिला कोणी खोटी म्हणत नाही. ज्याला मूळ ग्रीक शब्दाचा शोध घ्यावयाचा आहे त्याला शब्दास शब्द धरून चालणारे भाषांतर हवे. ज्याला देवळात मोठ्याने म्हणावयाचे आहे त्याला घुमणारी भाषा हवी. आणि ओसरीवर बसलेल्या आजीला बिबड्याची ज्वारी हवी.

सोपे करण्यातही धोका आहे, हे आम्ही विसरत नाही. पेरणाऱ्याच्या हाती तिफण दिली तर वाक्य सोपे होईल, पण गोष्ट मोडेल. तेथे ‘फोकून’ एवढा एकच शब्द घातला की दोन्ही साधते. म्हणून सोपे लिहिणारास विद्वानाहून अधिक कष्ट पडतात. त्याला मूळही जाणावे लागते आणि शेतही.

आणि हा शहाणपणा आपल्यास परका नाही. ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली. महानुभाव पंथाचे नागदेवाचार्य यांनी आपल्या विद्वान शिष्यास संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले, कारण तसे केले तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका मुकतील असे त्यांचे म्हणणे होते. सातशे वर्षांपूर्वी ग्रंथाचा कस म्हातारीच्या कानावर लावणारे लोक याच मुलखात होते! पण सोपी भाषाही जुनी होते. खुद्द नवा करार बाजारहाटाच्या ग्रीक भाषेत लिहिलेला. त्याचे लॅटिन भाषांतर लोकांस कळावे म्हणून झाले आणि हजार वर्षांनी ते पाद्र्यावाचून कोणास कळेना. ज्ञानेश्वरीचेही आज तेच झाले आहे. ज्ञानेश्वरांनी जे दार उघडले, त्यास काळाने पुन्हा कडी घातली. दर दोन-चार पिढ्यांनी कोणी तरी उठून ती काढावी लागते. ती न काढता “हा ग्रंथ तुम्हांस समजावयाचा नाही, आम्ही सांगतो तेच ऐका” म्हणणारे जेथे वाढतात, तेथे कुणब्याच्या पोटाला आणि बुद्धीला एकाच वेळी चिमटा बसतो.

आता एक कबुली. ट्रेनिंग कॉलेजात आम्हांस शुद्ध भाषेचा धडा पक्का मिळाला होता. आमच्या वर्गात एखादे पोर ‘पडेल’ ऐवजी ‘पडीन’ म्हणाले की आम्ही त्यास उभे करून चारचौघांत सुधारीत असू. पोर पुढे ‘पडेल’ म्हणू लागे हे खरे, पण मग ते प्रश्न विचारीनासे होई. त्या रात्री ‘पडीन’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांनी जी शंका काढली ती आम्हांस, एवढी पुस्तके वाचून, कधी सुचली नव्हती. तेव्हा आमच्या ध्यानात आले की आम्ही इतकी वर्षे पोरांची भाषा सुधारीत नव्हतो, त्यांच्या शंका दाबीत होतो. जवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी याच बोलीत आहेत आणि १९५२ साली ती छापून निघाली तेव्हा सारा महाराष्ट्र थक्क झाला. आमच्या वर्गात त्या बसल्या असत्या तर आम्ही त्यांसही उभे केले असते! अहिराणीतही आता नवा करार झाला आहे. परक्या धर्माचे लोक आमच्या बोलीस ग्रंथाच्या योग्यतेची समजतात, आणि आम्ही मास्तर मंडळी तिला वर्गाबाहेर ठेवतो, यात लाज कोणी वाटून घ्यावी?

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. शाळेत पुस्तकी मराठी शिकवावीच, तिच्यावाचून कचेरीत व बाजारात आपले पोर मागे पडेल. पण घरच्या बोलीस अशुद्ध म्हणू नये. आणि आपल्या घरी येणारा प्रत्येक कागद, मग ती पोथी असो, बँकेचा करारनामा असो की सरकारी परिपत्रक असो, एका कसोटीस लावावा. तो घरात मोठ्याने वाचावा आणि ज्यास अक्षर येत नाही अशा वडीलधाऱ्यास विचारावे, “आता तुम्ही सांगा, काय लिहिलं आहे?” त्यांना ते आपल्या शब्दांत सांगता आले तर कागद आपल्यासाठी लिहिलेला आहे. न आले तर तो परत करून सोपा करून मागावा, आणि कळेपर्यंत त्यावर अंगठाही उठवू नये व सहीही करू नये. न कळणे हा ऐकणाराचा गुन्हा नव्हे. रमाबाईंनी तो गुन्हा लिहिणाराचा मानला आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत बसून तो निस्तरला.

आमच्या ओसरीवरचे वाचन चालूच आहे. आता आम्ही पुस्तक मिटल्यावर आधी कोपऱ्याकडे पाहतो.

— मेहरूणचा एक शिक्षक